लागू नसेल ते खोडावे

कंपनीत मला सगळे ‘एकदाच’ म्हणत. खरे नाव हजेरीपुस्तकात होते आणि तिथेच ते राहिले. हे टोपणनाव कसे पडले ते आधी सांगायला हवे, कारण पुढे जो घाणेरडा प्रकार झाला त्याची सुरुवात तिथूनच आहे, आणि ती माझ्या हातून झालेली आहे.

कंपनी पाण्याचे पंप बनवायची आणि दुरुस्त करायची. मुख्य कचेरी एका तीन मजली इमारतीत, आणि चौदा गावांत चौदा शाखा. शाखा म्हणजे एक गोदाम, तीन-चार फिटर, एक स्टोअरकीपर आणि कोपऱ्यात प्लास्टिकचे झाकण घातलेला एक संगणक. मी पत्रव्यवहार कारकून. माझी खोली जिन्याखाली होती. उभे राहिले की डोके तिरक्या छताला लागायचे, म्हणून मी सहसा बसूनच असे. तिथे जुन्या कॅटलॉगांच्या गठ्ठ्यावर मोडेम ठेवलेला होता. सकाळी आणि दुपारी चारला तो टेलिफोनच्या तारेवरून मेल कंपनीच्या संगणकाला फोन लावायचा, घसा खरवडल्यासारखा आवाज काढायचा आणि मग गप्प होऊन पत्रे ढकलायला लागायचा. तार एकच. तिच्यावरच माझ्या टेबलावरचा फोन आणि तिच्यावरच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधला. कोणीही रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची आणि अर्धे गेलेले पत्र पुन्हा पहिल्या अक्षरापासून पाठवावे लागायचे.

माझ्या आधी हे काम टायपिस्ट बाई करत. एक परिपत्रक चौदा शाखांना पाठवायचे, तर त्या ते चौदा वेळा पाठवत. नवव्या वेळी लाइन तुटली की आपण कुठवर आलो होतो ते विसरत आणि पहिल्या शाखेपासून सुरू करत. काही शाखांना एकच परिपत्रक तीनदा जाई, काहींना जातच नसे. शेवटी वैतागून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मला यंत्रातले काही कळत नव्हते. पण यंत्राबरोबर एक जाडजूड पुस्तिका आली होती, आणि हातात पुस्तक आले की मी ते शेवटच्या पानापर्यंत वाचतो. दुसरे काही मला धड जमत नाही. त्या पुस्तिकेत मला सापडले की पत्र एकदाच पाठवायचे आणि लिफाफ्यावर चौदाही पत्ते घालायचे. आपल्या तारेवरून पत्र एकदाच जाते. पलीकडचा मोठा संगणक त्याच्या चौदा प्रती काढून ज्याच्या त्याच्या पेटीत टाकतो. वर्तमानपत्रांचा गठ्ठा गावात एकदा उतरवतात आणि मग घरोघर वाटतात, तसे.

दुपारभराचे काम एका मिनिटात झाले. खुद्द मालक जिन्याखाली डोकावून हे कसे केले म्हणून विचारू लागले. त्यांच्यासमोर माझी बोबडी वळली आणि मी “एकदाच पाठवायचं, साहेब, एकदाच,” असे चार-पाच वेळा म्हणालो. तेव्हापासून ते नाव चिकटले. टायपिस्ट बाई रोज दारातून विचारत, “काय एकदाच, गेलं का पत्र एकदाचं?” मला राग येत नसे. खरे सांगायचे तर आवडायचे. त्याआधी मला कोणी कशासाठीच हाक मारत नसे.

मग मला चटक लागली. त्या बिचाऱ्या तारेवरून एकही फुकटचे अक्षर जाऊ नये म्हणून मी नियम केले आणि मालकांच्या सहीने ते सगळ्या शाखांना धाडले. नियम एक, हलकी पत्रे आधी, जड शेवटी. नियम दोन, चित्रे, शिक्के पाठवू नयेत. तिसरा नियम मला तोंडपाठ आहे. ‘पत्रासोबतचा कागद आला नाही तर तो पुन्हा मागू नये. आपल्याकडच्या माहितीवरून भरून उत्तर पाठवावे.’ कारण लाइन तुटली की सोबतचे कागद हटकून मागे राहत आणि मग चौदा शाखांकडून ‘सोबतची यादी मिळाली नाही’ अशी चौदा पत्रे येत. ती यादी म्हणजे तरी काय, सुट्या भागांचे भाव किंवा कोण कोणत्या आठवड्यात दौऱ्यावर जाणार ते. शाखेतल्या माणसाला ते न बघता सांगता येई. शाखांनी तो नियम इतका अंगी बाणवला की सोबतच्या कागदाची वाट बघणेच त्यांनी सोडून दिले.

आठव्या शाखेचे स्टोअरकीपर आमचे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सव्वीस वर्षे त्याच गोदामात. गोदामाच्या मागे कंपनीच्या दोन खोल्या होत्या, तिथे ते आणि ताई राहत. त्यांना मूल नव्हते. हाताखालचे चार फिटर म्हणजेच त्यांची पोरे. भाऊजी मला नेहमी म्हणायचे की तुझा तिसरा नियम झकास आहे, कचेरी माणसावर भरवसा ठेवते असं वाटतं. मी ते मनात जपून ठेवले होते.

एका वर्षी मालकांनी कंपनी विकली. घेणारी कंपनी मोठी होती, तिला चौदा शाखांतली एकसष्ट माणसे नको होती, चाळीस हवी होती. हे आम्हाला कळले ते ज्या दिवशी करायचे होते त्याच दिवशी, दुपारी अडीचला. मॅनेजरसाहेब माझ्या खोलीत आले, म्हणजे दारात उभे राहिले, कारण आत दोघांना जागा नव्हती. त्यांच्या हातात दोन मसुदे होते, एक राहणाऱ्यांसाठी आणि एक जाणाऱ्यांसाठी. उद्या सकाळी दहाला नवी मंडळी ताबा घेणार, त्यांना प्रत्येकाने सही केल्याचे शाखेचे उत्तर हातात हवे. मी म्हणालो की एकसष्ट पत्रे नावानिशी वेगळी पाठवायची तर आजचा दिवस पुरणार नाही. त्यांनी दोन्ही मसुदे माझ्या टेबलावर एकावर एक ठेवले आणि हसले.

“मग दोन कशाला? एकच करा. तुमचीच पद्धत. एकदाच.”

त्यांचे म्हणणे असे, की एकच पत्र सगळ्यांना. त्यात लिहायचे, ‘आपली सेवा कायम / समाप्त करण्यात येत आहे. सोबतच्या यादीप्रमाणे लागू नसेल ते खोडावे. सही करून उद्या सकाळी दहाच्या आत कळवावे.’ शाखेने माणशी एक प्रत छापायची, यादी बघून एक शब्द खोडायचा, काम झाले.

मला त्या क्षणी शिसारी यायला हवी होती. आली नाही. मला बरे वाटले, की साहेबांनी माझी पद्धत लक्षात ठेवली. मी ते पत्र टाइप केले. ‘कायम’ आणि ‘समाप्त’ हे दोन्ही शब्द एकाच ओळीत मधोमध यावेत म्हणून तीनदा समास बदलला. पान देखणे झाले. आज त्या देखण्या पानाची आठवण आली की तोंडात पाणी सुटते, उलटी व्हायच्या आधी सुटते तसे.

पत्र लगेच गेले. हलके होते, अर्धे मिनिट लागले. यादीचे तसे नव्हते. ती मी साधी टाइप करून पाठवणार होतो, तीही अर्ध्या मिनिटात गेली असती. पण साहेबांना प्रत्येक नावापुढे मालकांची लाल शाईतली सही दिसायला हवी होती. म्हणून चार पानांचे फोटो काढून तेच पाठवायचे ठरले. माझ्याच दुसऱ्या नियमाविरुद्ध होते. मी तसे पुटपुटलो असेन. मोठ्याने म्हणालो नाही. त्या चार पानांना पंचवीस मिनिटे लागणार होती. मी चारला लाइन लावली. वीस मिनिटांनी वर साहेबांनी नव्या मंडळींशी बोलायला रिसीव्हर उचलला. लाइन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा त्यांनी उचलला. मी जिना चढून वर गेलो, केबिनच्या काचेबाहेर उभा राहिलो. ते फोनवर मोठ्याने हसत होते. त्यांनी हातानेच मला ‘नंतर’ अशी खूण केली आणि मी खाली आलो. तिसऱ्यांदा लाइन पाचला दोन मिनिटे असताना तुटली. साहेब टोपी घालून खाली उतरले, यादी गेली नाही हे ऐकून म्हणाले की सकाळी नऊला पाठवा, तासाभरात उत्तरे येतील, कुठे घोडे अडतेय.

मी साधी यादी टाइप करून पाठवू शकलो असतो. कचेरी रिकामी होत होती, फोन मोकळा होता, अर्ध्या मिनिटाचे काम होते. मला सांगितले नव्हते म्हणून मी केले नाही. दिवा मालवला आणि घरी गेलो.

सकाळी नऊला यादी पहिल्या फटक्यात गेली. मला हायसे वाटले. आमचे यंत्र आधी आपली पत्रे टाकते आणि मग आलेली घेते. यादी गेल्यावर ते आलेली घेऊ लागले, आणि चौदाच्या चौदा शाखांची उत्तरे खाली पडू लागली. यादी न बघता, काल संध्याकाळीच लिहिलेली.

ती मी एकामागून एक वाचली. तिसऱ्या शाखेच्या प्रमुखाने स्वतःला कायम ठेवून बाकीच्या तिघांना समाप्त केले होते. पाचव्या शाखेत चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. काही शाखांनी सगळ्यांनाच कायम केले होते, आणि मला वाटते तेच शहाणे. आणि काही माणसांनी स्वतःच्याच कागदावर ‘कायम’ हा शब्द खोडला होता. एकाने खाली लिहिले होते की माझ्यानंतर लागलेल्याची मुले लहान आहेत. आठव्या शाखेचे उत्तर भाऊजींनी स्वतः टाइप केलेले होते. ‘स्टोअरकीपर, कायम खोडले. फिटर चौघे, समाप्त खोडले. यादी आली नाही. नियम तीनप्रमाणे आमच्या माहितीवरून भरले आहे.’

मी चार पानांची यादी पुढ्यात घेतली. आठव्या शाखेत स्टोअरकीपर कायम होता. लाल सही होती. दोन धाकटे फिटर समाप्त होते.

तेवढ्यात फोन वाजला. ताई होती.

“ऐक,” ती म्हणाली, “यांनी काल स्वतःचं नाव कापलं. आधी मला विचारलं, मग कापलं. मी म्हटलं, तुमच्या मनाला पटतंय ना, मग कापा, खोल्या काय, दुसऱ्या बघू. मला एवढंच सांग, पोरं चौघंही राहिली ना?”

मी म्हणालो, “यादी अजून… बघतो मी.”

“तू नेहमी बघतोसच. बोल कधीतरी काहीतरी.”

ती हसतच म्हणाली. भाऊजी कालपासून किती मोकळे वाटताहेत, सकाळी गोदामात शीळ घालत होते, असे सांगत राहिली. मी हूं हूं करत ऐकले आणि फोन ठेवला.

दहाच्या सुमारास साहेबांनी वर बोलावले. मी उत्तरे छापून नेली होती. त्यांनी एका बाजूला यादी ठेवली, एका बाजूला उत्तरे, आणि पेनाच्या टोपणाने कान कोरत एकेक नाव ताडून पाहू लागले. टोपणाला लागलेला मळ ते अंगठ्याने पुसत आणि तोच अंगठा पुढच्या नावावर टेकवत. मी खिडकीकडे बघत होतो, पण तो अंगठा दिसतच होता. मला वाटले होते की ते चिडतील, सगळे रद्द करून नव्याने करायला सांगतील. पण जसजसे पुढे जात होते तसतसा त्यांचा चेहरा खुलत गेला.

ज्यांना यादीत काढले होते आणि ज्यांनी स्वतःला कायम लिहिले होते, तिथे त्यांनी यादी खरी मानली. ज्यांना यादीत ठेवले होते आणि ज्यांनी स्वतःला खोडले होते, तिथे त्यांनी खाडाखोड खरी मानली. असे नऊ जण निघाले. कंपनीने काढलेल्या माणसाला सहा महिन्यांचा पगार आणि तोवर खोली मिळायची होती. आपणहून गेलेल्याला काही नाही, आणि खोली पंधरा दिवसांत रिकामी. पत्रात यातले अवाक्षर नव्हते.

“नऊ जास्तीचे गेले, तेही आपणहून,” साहेब म्हणाले. “नवी मंडळी खूश होतील.”

मी म्हणालो की त्यांच्याकडे यादी नव्हती. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. साहेबांनी मान वर केली. यादी होती, ते म्हणाले, पत्रात ‘सोबत’ असे स्पष्ट लिहिले आहे, आणि सोबत म्हणजे सोबत. नव्या कंपनीच्या वकिलाला फक्त पत्रव्यवहार कारकुनाचा दाखला हवा, की पत्र आणि यादी काल एकत्रच गेली. दोन ओळींचा. मी तो अकरापर्यंत आणून द्यायचा.

मी उभाच राहिलो. त्यांना वाटले मी घासाघीस करतोय.

“आठवी शाखा. ते तुमचे भाऊजी ना?” त्यांनी कान कोरलेले पेन माझ्यापुढे धरले. “त्यांचं नाव काढून टाकू आपण यातून. आठ राहू देत.”

मी “बरं” म्हणालो.

ते ‘बरं’ मी अजून विसरलेलो नाही. कोणी धमकावले नव्हते, कोणी हात पिरगाळला नव्हता. तोंडातून ते लाळेसारखे गळले. पेन मात्र मी घेतले नाही, माझ्याजवळ माझे आहे म्हणालो. धैर्य म्हणून नव्हे. मला त्या टोपणाला हात लावायचा नव्हता.

खाली येऊन मी दाखला टाइप केला. ‘दाखला देण्यात येतो की’ पासून माझ्या हुद्द्यापर्यंत सगळा, बिनचूक. भाऊजी यातून सुटत होते. ताईला खोल्या सोडाव्या लागणार नव्हत्या. बाकीच्या आठांचे मी तोंडही पाहिलेले नव्हते. मी स्वतःला असे समजावत होतो आणि समजावताना त्या नऊ उत्तरांचे कागद चाळत होतो. तेव्हा लक्षात आले की नऊपैकी सहा जणांनी तेच वाक्य लिहिले होते. शब्द इकडेतिकडे, पण तेच. यादी आली नाही, नियम तीनप्रमाणे भरले. कोणी विचारायला फोन केला नव्हता, कोणी पत्र पाठवून यादी मागितली नव्हती. लाइन अडू नये म्हणून. मी सांगितले होते म्हणून.

मी खोलीच्या मागच्या मोरीवर जाऊन ओकलो. सकाळचा चहा तेवढा पडला. तोंड धुऊन परत आलो, दाखला पुसून टाकला आणि दुसरे पत्र टाइप केले.

त्यात मी एवढेच लिहिले, की काल तीन चाळीसला गेलेल्या पत्रासोबत यादी नव्हती. ती पाठवायचा प्रयत्न तीनदा झाला आणि तिन्ही वेळा लाइन तुटली, यंत्राच्या नोंदीतल्या वेळा खाली देत आहे. यादी आज सकाळी नऊनंतर गेली. म्हणून कालची सर्व खाडाखोड यादी न बघता झालेली आहे. पुढील नऊ माणसे यादीत कायम आहेत आणि त्यांनी केवळ माझ्या नियमामुळे स्वतःला खोडले. खाली नऊ नावे. त्यांत भाऊजींचे चौथे.

लिफाफ्यावर चौदा शाखा घातल्या, मालक घातले, नव्या कंपनीचा पत्ता घातला. कोणाकोणाला पत्र गेले ते इतरांना दिसू नये अशीही सोय त्या पुस्तिकेत दिलेली होती. मी ती वापरली नाही. सतरावा पत्ता मॅनेजरसाहेबांचा घातला.

अकराला चार मिनिटे असताना लाइन लावली. मोडेम खरवडत होता तेव्हाच डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या वाजू लागल्या. साहेब उतरत होते. त्यांना फोन हवा असता तर ते केबिनमध्येच राहिले असते, म्हणून मी एका परीने सुटलो, पण ते माझ्या टेबलावरच्या फोनपासून दहा पायऱ्यांवर होते. पत्र जायला लागले. हलके होते, पण सतरा पत्ते एकेक करून पलीकडे पोचायचे आणि मग मजकूर. अडतीस सेकंद लागले. मी ते घड्याळात बघितले, कारण दुसरीकडे बघायची माझी छाती नव्हती. साहेब दारात आले तेव्हा पडद्यावर शेवटची ओळ सरकत होती.

“झालं?”

“झालं.”

त्यांनी दाखल्यासाठी हात पुढे केला. मी त्या पत्राची छापील प्रत दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली, ओठ हलवत, आणि शेवटी पत्त्यांची रांग वाचली. माझी अपेक्षा होती की ओरडतील. ते ओरडले नाहीत. कागदाची सावकाश चौघडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला.

“एकदाच,” ते म्हणाले, “तुम्ही स्वतःचं नाव खोडलंत.”

नव्या कंपनीच्या वकिलाने त्या नऊ जणांची खाडाखोड दुपारच्या आत रद्द केली. न्यायाची चाड म्हणून नव्हे. पत्र सतरा ठिकाणी पोचले होते आणि ते उद्या कोर्टात कोणीही दाखवू शकले असते. नऊ जण राहिले. यादीत काढलेले एकवीस गेले. महिनाअखेर माझी जागा गरज उरली नाही म्हणून बंद झाली, आणि मॅनेजरसाहेबांना नव्या कंपनीने आणखी दोन जिल्ह्यांचे काम दिले. निरोपाला त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो सदरा मी नंतर घातला नाही.

पुढच्या महिन्यात मी ताईकडे गेलो. मनात कुठेतरी आशा होती की निदान तिथे तरी कोणी बरे बोलेल. भाऊजी गोदामात होते. एका पंपाचा पाइप एकट्याने उचलत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली. दोन थोरले फिटर पलीकडे काम करत होते, त्यांनी तेवढेही केले नाही. भिंतीवरच्या फळ्याला माझे पत्र टाचणीने लावलेले होते.

ताईने मला मागच्या खोलीत नेले आणि दार लोटून घेतले.

“यादी उतरायच्या आधीच तुझं पत्र आलं आणि त्या दोघा पोरांनी वाचलं,” ती म्हणाली, “की हे पहिल्यापासून कायमच होते. त्यांना वाटतं, कचेरीत मेहुणा आहे, यांना आधीच माहीत होतं. आपण सुरक्षित आहोत हे माहीत असताना नाव कापायचं नाटक केलं, आम्हाला रडवलं. धाकटा यांच्या तोंडावर तसं बोलून गेला.”

मी म्हणालो की मी काहीच कळवले नव्हते, तूच फोन केलास तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.

“तेच ना,” ताई म्हणाली. “तेव्हा बोलला असतास तर यांनी पोरांना आपल्या तोंडानं सांगितलं असतं. ते कळलं फळ्यावरून. सतरा जणांबरोबर.”

नऊ माणसांची घरे राहिली, हे मी स्वतःला सांगून पाहिले आहे. पण भाऊजींनी आयुष्यात एकदा मोठ्या मनाने केलेली गोष्ट मी लबाडी ठरवून दिली. आणि ती ठरवण्यासाठी मला काहीच करावे लागले नाही. फक्त खरे सांगायला एक दिवस उशीर करावा लागला.

जेवणे झाल्यावर भाऊजी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. हात पुसत, माझ्याकडे न बघता.

“दोघं इथंच राहतात. एक स्टेशनामागे, एक कालव्याच्या पुलापाशी. जाऊन सांग त्यांना. पत्र नको. एकेकाला, तोंडानं.”

मी गेलो. स्टेशनामागचा घरी होता. त्याने मला आत घेतले नाही, दारातच हाताची घडी घालून ऐकले. मी अडखळत सगळे सांगितले, लाइन, चार पाने, तिन्ही वेळा.

“तुम्ही त्यांचेच मेहुणे ना,” तो म्हणाला. “मग तुम्ही असंच सांगणार.”

आणि दार लावले. आपटले नाही, साधेच लावले. ते मला जास्त लागले.

पुलापाशी धाकट्याचे घर. तो नव्हता. त्याच्या आईने दार उघडले. मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा बदलला, पण तिने पाणी दिले. मुलगा कामाच्या शोधात गेलाय, कधी येईल सांगता येत नाही, म्हणाली. मग आत जाऊन एक वहीचा कागद आणि पेन्सिल घेऊन आली.

“काय सांगायचंय ते लिहून ठेवा. आला की देते.”

मी ती पेन्सिल घेतली आणि परत तिच्या हातात दिली. थांबतो म्हणालो. तिने मला आत या म्हटले नाही. मी पायरीवर बसलो. कालव्याचे पाणी काळे होते आणि त्यावर तेलाचा तवंग होता. चार वाजले, पाच वाजले. रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक तरुणाकडे मी बघत होतो आणि प्रत्येक वेळी मनात पहिले वाक्य जुळवत होतो. एकही धड जमत नव्हते.